निम्मेवहिनींनी केलेला गाडीचा भाव

आमच्या गल्लीत कुणाला पंखा घ्यायचा असो, कपाट घ्यायचं असो की घराला रंग देणारा माणूस ठरवायचा असो, आधी निम्मेवहिनींचं दार वाजायचं. त्यांचं खरं आडनाव दुसरंच आहे, पण ते आता पोस्टमनलाही आठवत नसेल. दुकानदार जो आकडा सांगेल त्याच्या बरोबर निम्म्यावर वहिनी सुरुवात करायच्या, म्हणून निम्मेवहिनी. दुकानदार कपाळावर हात मारून घ्यायचा, आईची शपथ घ्यायचा, गिऱ्हाईक आहे की दरोडेखोर असं विचारायचा. वहिनी शांत. शेवटी दोघं कुठेतरी मध्ये भेटायची आणि दुकानदारच चहा मागवायचा.

मी त्यांच्या शेजारची. शिवणकाम करते, म्हणून सगळे मला शिवणताई म्हणतात. आमच्या दोन घरांमध्ये भिंत आहे ती फळ्यांची, त्यामुळे त्यांच्या घरात चमचा पडला तर मी इकडे वाकून बघते.

वहिनी मुलींच्या एका वसतिगृहाची भाजी खरेदी करायच्या. रोज सकाळी ठोक बाजारात जायचं, पोत्यांनी कांदे-बटाटे घ्यायचे, टेम्पोत भरून पाठवायचे. कांद्याच्या गाळ्यावरचा शेठ तर त्यांची वाटच बघत असायचा. "आली, माझी पोरं उपाशी मारायला आली!" असं तो लांबून ओरडायचा. "तुझी पोरं चालताना धापा टाकतात, चार दिवस उपाशी राहिली तर बरीच होतील," असं वहिनी म्हणायच्या, आणि मग दोघांचं जुंपायचं. आजूबाजूचे हमाल काम थांबवून ऐकायचे.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, हे जमतं कसं? त्या म्हणाल्या, "ताई, भाव म्हणजे भांडण नाही. समोरच्याला कुठं दुखतं ते बोटाने चाचपायचं. दुखलं की थांबायचं. त्यालाही पोट आहे."

नवरा गेला तेव्हा त्यांचा मुलगा चौथीत होता. तेव्हा तो काडीसारखा होता म्हणून बारक्या नाव पडलं. आता उंची दाराच्या चौकटीला लागते तरी बारक्याच. शाळा बेताची झाली, मग मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. ते दुकान बंद पडलं आणि बारक्या घरी बसला. घरी बसलेल्या तरुण मुलाचे सगळे प्रकार झाले: उशिरा उठणं, जेवणावरून कुरकुर, आरशासमोर तास. वहिनी रागावत नव्हत्या, पण त्यांच्या भांड्यांचा आवाज वाढला होता.

मग एक दिवस तो आला तो हसतच. काम मिळालं होतं. पार्सल पोहोचवायचं. पगार चांगला, फक्त मोटरसायकल स्वतःची पाहिजे.

"कुठली कंपनी?" वहिनींनी विचारलं.

"कंपनी नाही गं. एका भाऊंचं खासगी काम आहे."

"गाडी घ्यायला मी येते."

"तू कशाला? आता सगळं फिक्स रेटनी असतं. तिथे नाही चालत तुझं ते."

मी फळीपलीकडून ऐकत होते. वहिनींच्या हातातलं भांडं जोरात आपटलं, म्हणजे त्यांना लागलं होतं. पण दोनच दिवसांनी बारक्याचा सूर एकदम फिरला. "आई, तूच चल. तुझ्याशिवाय भाव कोण पाडणार?" आणि मला येऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही पण चला. मजा बघायला मिळेल." माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी आपली नवी साडी काढली.

शोरूम मोठ्या रस्त्यावर होती. पुढची सगळी भिंत काचेची. आत इतकं थंड की मी पदर खांद्यावर ओढून घेतला. गुळगुळीत फरशीवर गाड्या ओळीने उभ्या, सगळ्यांची पुढची चाकं एकाच बाजूला वळवलेली, सीटवर अजून प्लास्टिक. नव्या रबराचा वास इतका होता की तो जिभेवर कळत होता.

कोपऱ्यात सोफा होता. त्यावर एक गृहस्थ पाणी पीत बसले होते. आम्हाला बघून ते लगेच उठले. "बसा ना वहिनी, बसा. मला काय, मी बसूनच आहे." आणि हात जरासा वर केला, तर एक मुलगी आमच्यासाठी पाण्याचे ग्लास घेऊन धावत आली. चांगल्या घरचा माणूस वाटला. त्यांच्या अंगातला पांढरा शर्ट मी बघून घेतला. खांद्याची शिवण कुठेही ओढलेली नव्हती. असा शर्ट शिवणारा कारागीर पैसे मोजून घेतो. असेल कुणी जुनं गिऱ्हाईक, असं मनात म्हटलं आणि विसरले. ते जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले.

बारक्याने गाडी आधीच ठरवलेली होती. काळी, टाकीवर लाल पट्टा. टाय लावलेला एक पोरगेलासा सेल्समन पुढे आला. त्याचा टाय त्याच्या मानेपेक्षा जाड होता. त्याने मायलेज सांगितलं, ब्रेक सांगितले, आणि शेवटी आकडा सांगितला. "ऑन-रोड एक लाख तीस हजार, काकू. इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन सगळं धरून."

"पासष्ट," वहिनी म्हणाल्या.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण खरी मजा तिथे असते. तो हसला. पण जरा उशिरा हसला. एखाद्याला विनोद आधीच माहीत असावा आणि हसायचं कुठे ते आठवावं लागावं, तसा.

"काकू, असं कसं? मी साहेबांना विचारून येतो."

तो काचेच्या केबिनमध्ये गेला. आतल्या साहेबांनी संगणकावरून मान वर केली नाही. तो परत आला. "एक लाख दहा. फक्त तुमच्यासाठी."

एका फेरीत वीस हजार. वहिनींच्या भुवया जरा वर गेल्या. "सत्तर," त्या म्हणाल्या.

"एक लाख."

वहिनींचा उठायचा एक डाव होता. पिशवी खांद्याला अडकवायची, दाराकडे दोन पावलं टाकायची आणि चप्पल नीट करायला थांबायचं. चप्पल होईपर्यंत दुकानदार हाक मारतोच. त्या दिवशी त्यांनी पिशवीला नुसता हात लावला, तर हा म्हणाला, "थांबा काकू, नव्वद."

बारक्या खुशीत माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा मावशी, आमची आई!" मीही हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या त्या पोराकडे टक लावून बघत होत्या, आणि त्यांच्या अंगठ्याचं नख तर्जनीवर घासत होतं. कांद्याच्या पोत्यात वरचे कांदे चांगले आणि खालचे सडके असल्याचा संशय आला की त्या असं करत.

मग त्यांनी जे केलं ते मी त्यांना कधीच करताना पाहिलं नव्हतं. भाव करताना आपण एकदा बोललेल्या आकड्याच्या खाली माणूस येत नाही. चढतो, नाहीतर निघून जातो. खाली येणं म्हणजे बेइमानी, कुठलाही दुकानदार हाताला धरून बाहेर काढेल. सत्तर बोलून झालेल्या वहिनी शांतपणे म्हणाल्या, "साठ."

टायवाल्याने साहेबांकडे बघितलं नाही. त्याने बारक्याकडे बघितलं. बारक्या फरशीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"ठीक आहे काकू," टायवाला म्हणाला. "साठ."

ओला हात कुणी मानेवर ठेवावा तसं मला झालं.

वहिनींनी त्या पोराला जवळ बोलावलं. आवाज इतका मऊ होता की मी चपापले. "बाळ, आई आहे का तुला?"

"आहे."

"तिच्या गळ्याची शपथ नको. नुसतं खरं सांग. साठ हजारात या गाडीचं लोखंडसुद्धा येत नाही. तुला नोकरी आहे, वर साहेब आहे, आणि तुला कुठंच दुखत नाहीये. का?"

पोराच्या कपाळावर त्या थंडीतही घाम आला. त्याने खिडकीकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाला, "काकू, गाडीचे पैसे परवाच आलेत. सगळे. तुम्ही जे म्हणाल त्याला हो म्हणायचं असं सांगितलंय."

"कुणी सांगितलंय?"

"मी सांगितलं, वहिनी." खिडकीजवळचे गृहस्थ उठून आमच्याकडे येत होते. ते चालत आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की शोरूममधले सगळे जरा सरळ उभे राहिलेत. दारावरचा गार्डसुद्धा. "रागावू नका. मुलगा म्हणाला, आई मानी आहे, कुणाचं फुकट घेणार नाही. म्हटलं, त्यांच्या हातानेच भाव होऊ दे. जे द्याल ते द्या. तुमचं समाधान झालं पाहिजे."

हेच भाऊ. बारक्या त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला. आईच्या नाही.

"काय काम आहे याला?" वहिनींनी विचारलं.

"पाकिटं इकडची तिकडे न्यायची."

"पाकिटात काय असतं?"

भाऊ हसले. दात स्वच्छ, आवाज एखाद्या डॉक्टरसारखा. "ज्यांना हे विचारायची सवय असते ना वहिनी, त्यांना मी कामाला घेत नाही. तुमचा मुलगा मला आवडला तो म्हणूनच. विचारत नाही."

वहिनींनी पिशवी उघडली. आत रुमालात बांधलेले पैसे होते. ते त्यांनी बाहेर काढले आणि बोलायला लागल्या. मी आजही डोळे मिटले की ऐकू येतं. "एक लाख तीस. गाडीचे पूर्ण देते. आत्ता एवढे घ्या, बाकीचे उद्या आणते. गाडी तुम्हीच ठेवा. वर दहा देते. वीस देते. माझी एक ठेव आहे, ती मोडते." सगळी गल्ली ज्यांना भाव पाडायला घेऊन जायची, त्या वहिनी भाव चढवत होत्या, आणि समोरचा माणूस मान हलवत होता, नाही, नाही, अगदी अदबीने.

"वहिनी, भाव दुकानात करतात. मी दुकान मांडलेलं नाही. आणि मुलगा काही माझ्याकडे डांबून ठेवलेला नाही. त्यालाच विचारा."

वहिनी बारक्याकडे वळल्या. त्याचा हात गाडीच्या टाकीवर होता, लाल पट्ट्यावर.

"आई, घरी चल," तो म्हणाला. "लोक बघतायत."

"तुला माहिती आहे हे कसलं काम आहे?"

"माहिती करून काय करायचंय? मला हवंय हे काम. कुणी जबरदस्ती केलेली नाही. किती दिवस तुझ्या कांद्या-बटाट्यावर बसून खाऊ?"

वहिनींनी पैसे रुमालात बांधले, रुमाल पिशवीत टाकला आणि त्या बाहेर पडल्या. मी त्यांच्या मागे. भाऊंनी आमच्यासाठी काचेचं दार स्वतः उघडून धरलं.

आम्ही चालत घरी आलो. बारक्या नव्या गाडीवरून आमच्या शेजारून गेला, हळू केली, मग पुढे निघून गेला. अर्ध्या वाटेवर वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "त्या माणसाला कुठंच दुखत नव्हतं ताई. मी सगळीकडे चाचपून बघितलं."

पुढचे काही महिने वरवर चांगले गेले. बारक्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा, संध्याकाळी वेळेवर घरी. घरात फ्रीज आला. वहिनींनी त्यात काही ठेवलं नाही. तो रिकामाच गुरगुरत राहायचा आणि फळीपलीकडे मला ऐकू यायचा. गल्लीतल्या दोघा-तिघांनी बारक्याला "आमच्या पोराचंही बघ की रे" असं सांगून पाहिलं. तो म्हणायचा, "बघतो काका," आणि विषय बदलायचा. बोलणं गोड झालं होतं त्याचं. थोडं भाऊंसारखंच.

वहिनी रोज एकच प्रश्न विचारायच्या, ताट वाढताना. "काय होतं आज पाकिटात?" तो म्हणायचा, "बघितलं नाही."

मग एक दिवस मला जुनी पोती हवी होती, खुर्च्यांच्या गाद्या भरायला, म्हणून मी वहिनींबरोबर बाजारात गेले. मला वाटलं, चला, आज शेठचं आणि यांचं भांडण ऐकायला मिळेल. लांबून शेठ दिसला. तो ओरडला नाही. तराजूशी काहीतरी करत राहिला.

"कसे दिले?" वहिनींनी विचारलं. त्याने भाव सांगितला. वहिनींनी निम्मा केला.

"घ्या," शेठ म्हणाला.

"अरे, भांड की."

"कशाला वहिनी? तुम्ही म्हणाल तो भाव."

आम्ही बटाट्याच्या गाळ्यावर गेलो. तिथे तेच. मिरचीवाली म्हातारी तर पैसेच घेईना, "राहू द्या, राहू द्या" करत मागे सरकत गेली. हमालांनी आमच्यासाठी वाट सोडली. वीस वर्षं ज्या बाजारात वहिनींना धक्के खात चालावं लागत होतं, तिथे आता त्यांच्या चहूबाजूला हातभर मोकळी जागा राहत होती. आणि मला कळलं की हे आजचं नाही. त्या मला काही बोलल्या नव्हत्या, पण हे बरेच दिवस चाललं होतं.

वहिनी परत कांद्याच्या गाळ्यावर आल्या आणि एका पोत्यावर बसल्या. "शेठ, आज सांगितल्याशिवाय उठणार नाही. काय झालंय?"

शेठने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "बारक्या येतो ना दर आठवड्याला, तुम्ही गेल्यावर. पाकीट न्यायला."

"कसलं पाकीट?"

"गाळा चालू राहण्याचं."

"आणि नाही दिलं तर?"

शेठने बोट दाखवलं नाही. नुसते डोळे फिरवले. कोपऱ्यावरच्या गाळ्याचं शटर खाली होतं आणि त्याच्या वरच्या भिंतीवर छतापर्यंत काळे ओघळ गेले होते. मी येताना तिथून गेले होते, मला वाटलं, जुनी भिंत असेल.

"पोरगा चांगला आहे हो तुमचा," शेठ घाईघाईने म्हणाला. "आवाज चढवत नाही. शिवी नाही, काही नाही. गाडीसुद्धा बंद करत नाही. समोर उभी करून नुसता बसून राहतो. इंजिन चालू. आपण पाकीट दिलं की जातो."

वहिनींनी पैसे काढले. शेठने आधी सांगितला होता तो पूर्ण भाव मोजून त्याच्यासमोर धरला. शेठने हात पाठीमागे नेला. खरंच घाबरला तो. त्याला वाटलं असेल, हीही काहीतरी परीक्षा आहे.

त्या दुपारी फळीपलीकडचं बोलणं मी ऐकलं. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येणारच होतं. मी मशीन चालू ठेवलं होतं, पण सुई नुसती वर-खाली होत होती, कापड खाली नव्हतंच.

"पाकिटात काय असतं ते मला आज कळलं," वहिनी म्हणाल्या. "शेठचे पैसे असतात. मिरचीवालीचे असतात. उद्यापासून जायचं नाहीस."

बारक्या आधी चिडला. मग म्हणाला, सगळीकडे असंच असतं, तो नाही गेला तर दुसरा कुणी जाईल. वहिनी ऐकून घेत होत्या. "सोड," त्या म्हणाल्या.

"सोडता येत नाही."

"का?"

"माझ्याआधी एक जण होता. त्यालाही अशीच गाडी दिली होती. त्याला सोडायचं होतं."

"मग? कुठाय तो?"

फ्रीज तेवढा गुरगुरत होता. मग बारक्या म्हणाला, "मी विचारलं नाही," आणि त्याचा आवाज फुटला. दाराच्या चौकटीएवढा पोरगा हुंदके देऊन रडत होता. वहिनी त्याला गप्प बस म्हणाल्या नाहीत. त्यांच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे त्याच्या पाठीवरून हात फिरवत असाव्यात.

चार-पाच दिवस काहीच घडलं नाही. बारक्या रोज कामावर जात होता, वहिनी बाजारात जात होत्या. मला वाटलं, जिरलं सगळं. मग एका सकाळी दोघं बरोबरच बाहेर पडली. गाडी दाराशीच उभी राहिली. वहिनी नेहमीच्या वेळेला एकट्याच परतल्या, हातपाय धुतले आणि झोपून गेल्या. दुपारी झोपणारं माणूस नव्हे ते.

पुढे मला कळलं ते असं. बाजारात माल उतरवून झाला की परगावचे ट्रक रिकामी पोती घेऊन माघारी जातात. अशाच एका ट्रकमध्ये पोत्यांच्या थप्पीमागे शेठने बारक्याला बसवलं. ज्याच्याकडून पोरगा दर आठवड्याला पाकीट न्यायचा, त्या शेठने. ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा होता. ताडपत्रीची दोरीही त्यानेच बांधली, असं वहिनी म्हणाल्या. ट्रक कुठल्या गावाला गेला ते मी विचारलं नाही. वहिनींनीही सांगितलं नाही, आणि ते बरंच झालं.

भाऊ दुसऱ्याच दिवशी आले. एकटेच, चालत. मी दारात बसून काजं करत होते. मला नमस्कार केला. वहिनींच्या दारात चपला काढल्या, आत जाऊन बसले, पाणी मागितलं.

"बारक्या दिसत नाही."

"गेला," वहिनी म्हणाल्या. "दुसरं काम लागलं त्याला."

"अरे वा. कुठे?"

"मी विचारलं नाही."

भाऊ हसले. मनापासून हसले, असंच वाटलं मला. "बरं. मुलं आहेत, जातात. परत येतात."

"तुमची गाडी तेवढी घेऊन जा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी किल्ली पुढे धरली असावी, कारण ती वाजली.

"माझी कुठली? तुमचीच आहे ती. तुम्ही भाव केलात, मी ऐकलाय. साठ हजार ना? सवडीने द्या. मला घाई नाही." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पाणी गोड आहे तुमच्याकडचं."

जाताना त्यांनी गाडीच्या सीटवरून बोट फिरवलं, बोटावरची धूळ बघितली आणि रुमालाने पुसली.

दगडफेक होईल, कुणी मारायला येईल, आग लागेल, असं मला वाटत होतं. मी पाण्याची बादली भरून दाराशी ठेवायला लागले होते. तसं काही झालं नाही. वहिनी पोलिसांकडेही जाऊन आल्या. तिथल्या माणसाने सगळं ऐकून विचारलं, "तक्रार काय आहे पण? तुमच्या मुलाला नोकरी दिली, तुम्हाला गाडी दिली, पाणी पिऊन गेले. यात काय लिहू?" बाजारातलं सांगायचं तर साक्षीला कोण उभं राहणार? वहिनींनी शेठचं नाव घेतलं नाही. त्या उठून आल्या.

बाजारात पाकिटं न्यायला आता दुसरा कुणीतरी येतो. वहिनींशी लोक अजूनही भांडत नाहीत. त्यांनी वसतिगृहाचं काम सोडलं आणि आता माझ्याकडे बटणं लावायला बसतात. हात चांगला बसलाय त्यांचा. बोलतात, हसतात, गल्लीतलं कुणी आलं तर गंमतही करतात. मात्र खरेदीला बरोबर चला म्हटलं की म्हणतात, "पाय दुखतात गं."

बारक्याचा फोन कधीकधी येतो, दर वेळी वेगळ्या नंबरवरून. त्या बाहेर जाऊन बोलतात. आत आल्या की सुईत दोरा ओवायला त्यांना जरा वेळ लागतो. मी बघत नाही.

गाडी तशीच दाराशी आहे. कुणी तिला हात लावत नाही. मुलं खेळताना चेंडू तिच्याखाली गेला तर काठीने ओढून काढतात. वहिनींनी ती भंगारवाल्याला देऊ केली होती. त्याने नंबर बघितला आणि हातगाडी वळवून निघून गेला.

आणि दर महिन्याला एक मेकॅनिक येतो. मध्यमवयीन, चष्मा लावलेला, हातात हवेचा पंप आणि फडकी. तो कुणाशी बोलत नाही. दोन्ही चाकांत हवा भरतो. आरसे पुसतो, साखळीला तेल घालतो. त्याच्याजवळ दुसरी किल्ली आहे. इंजिन चालू करतो आणि बॅटरी उतरू नये म्हणून बराच वेळ तसंच चालू ठेवतो. तेवढा वेळ गल्लीत कुणी बोलत नाही.

गेल्या खेपेला वहिनी उठून दारात गेल्या. "कशाला करता हे?" त्यांनी विचारलं. "चालवणारं कुणी नाही."

मेकॅनिकने चष्मा काढून पुसला. "मला काय माहीत, बाई? गाडी तयार ठेवायला सांगितलंय."

त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, फडकी घडी करून खिशात घातली आणि पंप उचलला. वहिनी आत आल्या, माझ्यासमोर बसल्या, शर्ट मांडीवर घेतला. कॉलरचं बटण राहिलं होतं.